स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या वस्तीत संघटन उभे करताना: मुंबईतील नव्या कार्यकर्त्यांसाठी

बाहेरगावाहून पोट भरायला आलेल्या माणसांनी मुंबईत एकत्र येणे ही या शहराची जुनी रीत आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले कामगार बहुतांशी कोकणातून आणि घाटावरून आलेले होते. गिरणगावात एकेका गावची माणसे मिळून खोली घेत, आळीपाळीने तीत झोपत, महिन्याची वर्गणी काढत आणि कोणी आजारी पडले तर त्याच वर्गणीतून त्याला गावी पोहोचवत. या माणसांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झाले.

आज जालना, बीड, नांदेड, सोलापूर, कलबुर्गी, जौनपूर, गोंडा, दरभंगा, मुर्शिदाबाद येथून आलेली कुटुंबे गोवंडी, मानखुर्द, मालवणी, धारावी, कुर्ला या भागांत राहतात. त्यांची गिरणी नाही, एक मालक नाही, एक पाळी नाही. कोणी सकाळी नाक्यावर उभे राहते, कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी जरीच्या कारखान्यात बसते, कोणी देवनारच्या आसपास भंगार वेचते. कामाच्या जागी ही माणसे एकत्र येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांचे संघटन राहत्या गल्लीतून उभे करावे लागते. हे काम ज्यांना नव्याने सुरू करायचे आहे, मग ते समाजकार्याचे विद्यार्थी असोत, शिक्षक असोत किंवा त्याच वस्तीत वाढलेली मुलेमुली असोत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वाचताना एक निकष सतत डोळ्यासमोर ठेवावा, अशी माझी विनंती आहे: तुम्ही सोबत नसताना वस्तीतली किती माणसे वॉर्ड ऑफिसात जाऊन आपले म्हणणे मांडू शकतात? तुम्ही स्वतः किती अर्ज लिहिले, याला माझ्या लेखी फारसे मोल नाही.

पहिली पायरी: वस्ती समजून घ्या

सुरुवातीचे काही आठवडे कोणतेही फॉर्म भरू नका, कोणाच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागू नका आणि कोणतेही आश्वासन देऊ नका. नुसते फिरा, आणि वेगवेगळ्या वेळी फिरा. पहाटे पाण्याच्या वेळी गल्लीत कोण असते, सकाळी साडेसात-आठला नाक्यावर कोण उभे असते, दुपारी घरी कोण उरते, रात्री नऊनंतर ओट्यावर कोण बसते, हे तुमचे तुम्हाला कळले पाहिजे. सकाळी अकराला वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याला म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतात, आणि मग ‘लोकांना रस नाही’ असा चुकीचा निष्कर्ष त्याच्या वहीत उतरतो.

तीन गोष्टी नीट टिपून ठेवा. पहिली म्हणजे घरमालक कोण आणि भाडेकरू कोण. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या झोपड्यांमध्ये ही रेघ फार खोल असते. जुन्या रहिवाशाजवळ फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र), वीजबिल, जुन्या मतदार यादीतले नाव असते; भाडेकरूजवळ पुष्कळदा डिपॉझिटची पावतीसुद्धा नसते. पुनर्वसनाची चर्चा निघाली की १ जानेवारी २०००, १ जानेवारी २०११ या झोपडीधारकाच्या पात्रतेसाठी धरल्या जाणाऱ्या तारखा मालकाच्या ओठांवर असतात, पण वरच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला त्या तारखांचा काहीच उपयोग नसतो. बैठकीला फक्त मालकच आले, तर नव्याने आलेली आणि सर्वांत अडचणीतली कुटुंबे वगळूनच तुमचे संघटन उभे राहील.

दुसरी गोष्ट म्हणजे गावाचे वेळापत्रक. मराठवाड्यातली कुटुंबे पेरणीच्या आणि काढणीच्या वेळी गावी जातात, उत्तर भारतातली होळीला आणि छठपूजेला, आणि मे महिन्यात तर जवळजवळ सगळेच. ज्या महिन्यात अर्धी गल्ली कुलूपबंद असते, त्या महिन्यात मोठा कार्यक्रम ठरवू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसे अडीनडीला कोणाकडे जातात. रात्री पोर तापाने फणफणले तर पैसे कोण देते, रिक्षा कोण बोलावते, नवरा-बायकोचे भांडण कोण सोडवते? ही नावे तुम्हाला फलकांवर दिसणार नाहीत. एखादी शिवणकाम करणारी मावशी, किराणा दुकानदार, अंगणवाडीची ताई, मशिदीतले किंवा भजनी मंडळातले एखादे वडीलधारे माणूस, अशी ती असतात. वस्तीचे खरे पुढारपण तिथे असते.

हे सगळे कळल्यावर वस्तीचा नकाशा काढा, आणि तो लोकांना बरोबर घेऊनच काढा. मोठा कागद ओट्यावर पसरून मुलींच्या हातात पेन द्यावे, म्हणजे नळ कुठे, संडास कुठे, अंधार कुठे आणि दारूचा अड्डा कुठे हे त्याच दाखवतात. स्वतःची मोजणी स्वतः करण्याची ताकद या शहराने पाहिलेली आहे. फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा ऑल्गा टेलिस निकाल जुलै १९८५ मध्ये आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने त्यात मान्य केले, पण योग्य नोटीस देऊन हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा व आसपासच्या फुटपाथवरील कुटुंबांची गणना त्या लोकांच्याच साहाय्याने केली, आणि पुढे त्याच बायकांमधून महिला मिलन ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. हातात स्वतःची आकडेवारी असलेला माणूस अधिकाऱ्यासमोर वेगळ्या आवाजात बोलतो.

दुसरी पायरी: घरोघरी भेट आणि बोलण्याची भाषा

सभा घेण्याआधी निदान तीस-चाळीस घरी बसून बोलणे झाले पाहिजे. उंबऱ्यात उभे राहून केलेली चौकशी पुरत नाही. आत बोलावले तर बसावे, चहा दिला तर घ्यावा, आणि विचारण्यापेक्षा ऐकावे. ‘तुमच्या समस्या काय आहेत?’ असे विचारले की प्रत्येक जण पाणी, गटार, लाईट असे पाठ केलेले उत्तर देतो. त्याऐवजी ‘काल दिवसभरात कशासाठी थांबावे लागले?’, ‘मागच्या महिन्यात कुठे पैसे जास्त गेले?’ असे विचारा. पाण्याच्या कॅनला, संडासाच्या पासला आणि रेशनच्या खेपांसाठी बुडालेल्या रोजाला किती पैसे जातात, हे अशा प्रश्नांतून बाहेर येते.

भाषेबाबत मला ठामपणे सांगावेसे वाटते. मराठी माणसाने मुंबईत हे काम करताना मराठीचा अभिमान बाळगावा, तिची शिकवणी घ्यावी, मुलांना ती गोडीने शिकवावी. पण मदत मागायला आलेल्या बाईच्या भाषेची परीक्षा कधीही घेऊ नये. कलबुर्गीच्या बाईला ‘अक्का’ म्हणून हाक मारली आणि उत्तर भारतीय बाईला ‘चाची’ किंवा ‘भाभी’ म्हटले की अर्धे अंतर तिथेच मिटते. बैठकीत कन्नड, हिंदी आणि मराठी बोलणारी माणसे असतील तर प्रत्येक ठराव तिन्ही भाषांत सांगण्यासाठी वस्तीतलीच तीन माणसे नेमा. यात वेळ जातो, तो जाऊ द्या. ज्याला कळले नाही तो संमतीचा हात वर करील, पण पुढच्या वेळी येणार नाही.

तिसरी पायरी: पहिला प्रश्न लहान निवडा

नवे कार्यकर्ते हमखास घराचा प्रश्न हाती घेतात, कारण तो सर्वांत मोठा असतो. पण घराचा प्रश्न या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत हाती काहीच लागले नाही तर माणसे पांगतात. पहिला प्रश्न असा असावा की जो मालक आणि भाडेकरू दोघांनाही सारखाच भेडसावतो, ज्याचा जबाबदार अधिकारी एकच आहे, जो महिना-दोन महिन्यांत सुटू शकतो आणि जो सुटला हे डोळ्यांना दिसते. सार्वजनिक संडासातला बंद दिवा, तुंबलेले गटार, गल्लीच्या तोंडाशी साठणारा कचरा, अंगणवाडीत न येणारा आहार हे असे प्रश्न आहेत.

संडासातल्या दिव्याचेच घ्या. दिवा नसला की बायका आणि मुली अंधार पडल्यावर जात नाहीत, संध्याकाळपासून पाणी पिणे टाळतात आणि आजारी पडतात. हे पुरुषांच्या कानावरही नसते. बायकांनी एकत्र बसून ते पहिल्यांदा मोठ्याने बोलले, पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक वहीत लिहिला आणि पाठपुरावा करून दिवा लावून घेतला, तर त्या वस्तीत पुढच्या दहा प्रश्नांसाठी माणसे तयार झाली असे समजावे.

बैठक कशी घ्यावी

रात्री नऊ ते दहा ही वेळ बहुतेक ठिकाणी चालते. रविवारी दुपारीही चालते, पण घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारी जास्त काम असते हे विसरू नये. जागा उघडी आणि सर्वांची असावी. कोणा एका पक्षाच्या शाखेत, एका जातीच्या समाजमंदिरात किंवा एखाद्या दादाच्या ओट्यावर घेतलेली पहिली बैठक पुढे कित्येक महिने महागात पडते.

पंधरा ते वीस माणसांची बैठक उत्तम. गोल बसावे, म्हणजे बायका मागच्या रांगेत ढकलल्या जात नाहीत. सुरुवातीलाच सांगावे की तासाभरात संपवायचे आहे, आणि ते पाळावे, कारण पहाटे चारला पाणी भरायला उठणाऱ्या माणसाचा वेळ मौल्यवान असतो. एका बैठकीत एकच विषय घ्यावा. शेवटी वहीत तीन रकाने आखावेत: काय करायचे, कोण करणार, कधीपर्यंत. ‘सगळे मिळून करू’ असे कधीही लिहू नये. नाव लिहावे, आणि ज्याचे नाव लिहिले त्याच्याकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या शेजारच्या मुलाने वाचावे. ही वही वस्तीतच राहिली पाहिजे. ती तुमच्या पिशवीतून घरी जाऊ नये.

अर्ज, पोच आणि बोलण्याची तालीम

सरकारी कार्यालयात तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेऊन परत आणावी. या शिक्क्यालाच पोच म्हणतात, आणि पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे धरून चालावे. अर्ज एका पानाचा असावा. त्यात एकच मागणी, ठिकाणाचा नेमका पत्ता, किती कुटुंबांना त्रास होतो तो आकडा आणि शक्य तर फोटो असावा. तो विभागाचे प्रमुख असलेल्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे करून संबंधित खात्याच्या अभियंत्याला प्रत द्यावी. तुमची वस्ती कोणत्या प्रशासकीय विभागात येते हे आधी पाहून घ्या; गोवंडी, मानखुर्द, देवनारचा भाग एम पूर्वमध्ये, तर धारावी जी उत्तरमध्ये येते.

अर्जाला उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला पुराव्यासह तो विनाशुल्क करता येतो. ‘काम का झाले नाही?’ असे विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर मिळत नाही. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, तो आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, त्यावरील टिपणीची प्रत द्यावी’ असे मागावे. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर त्यापुढील तीस दिवसांत पहिले अपील करता येते. दाखले व तत्सम सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळायला हवी, हे कार्यालयात लावलेले असणे बंधनकारक आहे.

शिष्टमंडळात पाच-सहा जणच असावेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका असाव्यात. जाण्याआधी आदल्या रात्री तालीम घ्यावी. एका वस्तीतली बांधकामावर जाणारी एक अक्का अशा तालमीला बसली होती. पहिल्यांदा ती नुसती पदर तोंडाशी धरून हसत राहिली. मग एका मुलीने अधिकारी होऊन तिला दरडावले, “कागद आहे का तुमच्याकडे?” तेव्हा ती सरळ झाली आणि तुटक मराठीत म्हणाली, “कागद आहे, साहेब. आधी गटार बघा, मग कागद बघा.” दुसऱ्या दिवशी खऱ्या टेबलासमोर तिने हेच वाक्य तसेच उच्चारले आणि पोच मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही. तिच्याबरोबर गेलेला सुशिक्षित कार्यकर्ता मागे उभा राहून गप्प बसला होता, आणि त्या दिवशी त्याचे काम तेवढेच होते.

मोर्चाचे आकर्षण सर्वांना असते. मुंबईत निदर्शनांसाठी आझाद मैदान ठरलेले आहे आणि पोलिसांची परवानगी लागते. शिवाय एक दिवस मोर्चाला जाणे म्हणजे एक रोज बुडवणे. म्हणून अर्ज, शिष्टमंडळ, स्मरणपत्र, अपील हे सारे झाल्यावरच तो मार्ग घ्यावा, आणि ज्यांचा रोज बुडणार त्यांनीच तो ठरवावा.

पाणी

पाण्याचा प्रश्न सविस्तर लिहितो, कारण बहुतेक वस्त्यांत शेवटी तिथेच यावे लागते. पाण्यासाठी लढणाऱ्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांना गोरेगावने ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते उगीच नाही. पालिकेच्या मापात वस्तीतल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर असा फरक कित्येक वर्षे राहिला, आणि ज्यांची वस्ती २००० नंतरची, त्यांना तर अधिकृत नळच मिळत नसे. पाणी हक्क समितीने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. १५ डिसेंबर २०१४ च्या आदेशात न्यायालयाने पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून, अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही कोणत्या ना कोणत्या स्वरूपात पाणी देण्याचे धोरण आखण्यास महापालिकेला सांगितले. मे २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर केले. कागदाअभावी नळ नाकारला गेला तर या दोन्हींचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

काम असे चालते. शेजारशेजारच्या कुटुंबांनी मिळून एक गट करावा, गटाचा एक सचिव ठरवावा आणि विभागातील जलकामे खात्याच्या सहाय्यक अभियंत्याकडे संयुक्त नळजोडणीचा अर्ज द्यावा. त्याआधी जमीन कोणाची आहे हे नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढून पाहावे, कारण जमीन पालिकेची, राज्याची, केंद्राची की खासगी यावर पुढचा मार्ग बदलतो आणि काही ठिकाणी ना-हरकत प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहतो. जोडणीचे काम परवानाधारक प्लंबरकडून होते. इथेच मध्यस्थ शिरतात आणि कुटुंबामागे हजारो रुपये गोळा करतात. कोणालाही पैसे द्यायचे असतील तर ते गटाच्या ठरावाने, पावती घेऊन आणि टप्प्याटप्प्याने द्यावेत.

नळ आल्यावर काम संपत नाही. बिल कोण भरणार, भाडेकरू बदलला तर त्याचा वाटा कोण देणार, मोटर लावून पाणी ओढणाऱ्याला कोण सांगणार, हे नळ येण्यापूर्वीच लिहून ठेवले नाही तर त्याच नळावर वस्ती फुटते. मालकाने भाडेकरूला गटाबाहेर ठेवू नये, असा एक स्पष्ट मुद्दा त्या नियमांत असलाच पाहिजे.

रेशन

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातल्या, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गावचे कार्ड मुंबईत चालत नाही, ही समजूत अजूनही पसरलेली आहे आणि काही दुकानदार ती पसरू देतात. ‘एक देश एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून आणि ई-पॉस यंत्रावर अंगठा देऊन कुठल्याही रेशन दुकानातून धान्य घेता येते. मूळ कार्ड गावी असले तरी चालते. घरातली काही माणसे गावी असतील तर काही धान्य त्यांनी तिकडे आणि उरलेले इकडे घेणेही शक्य असते. अट एवढीच की त्या कार्डाला आधार जोडलेला असला पाहिजे.

म्हणून पहिले काम म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक कार्डाची अवस्था तपासणे: कोणते कार्ड बंद झाले, कोणाचे नाव वगळले गेले, कोणाचा अंगठा उमटत नाही. सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांचे ठसे झिजतात, हे यंत्राला कळत नाही. मग महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी पाच-सहा जणांनी एकत्र दुकानात जावे. एकट्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते. नाकारले तर दुकान क्रमांक, तारीख आणि दिलेले कारण लिहून शिधावाटप कार्यालयात तक्रार द्यावी. कायद्याने दक्षता समित्याही सांगितल्या आहेत. तुमच्या भागात ती आहे का आणि तिच्यावर कोण आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारण्याजोगे आहे.

मुलांची शाळा आणि अंगणवाडी

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही थांबवता येत नाही. मूल शाळाबाह्य राहिले असेल तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. पालिकेच्या शाळा मराठीखेरीज हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि इंग्रजी माध्यमांतही आहेत. पालकांना हे माहीत नसल्यामुळे कित्येक मुले घरी बसतात. मे महिन्यात गावी गेलेले कुटुंब जुलैत परतते आणि तोवर पटावरून नाव गेलेले असते, म्हणून गावी जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना लेखी कळवण्याची सवय लावावी.

अंगणवाडीबाबत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. तुम्ही काढलेला नकाशा आणि केलेली मोजणी इथे थेट उपयोगी पडते: मुलांची नावे, वये आणि आईची सही किंवा अंगठा असलेली यादी जोडून एकात्मिक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे मागणी द्यावी.

बुडवलेली मजुरी

नाक्यावरच्या माणसाची सर्वांत मोठी तक्रार ही असते. ठेकेदार आठ दिवस काम करून घेतो, दोन दिवसांची उचल देतो आणि फोन बंद करतो. अशा वेळी मजुराकडे पुरावा म्हणून काहीच नसते. त्यामुळे संघटनाने प्रत्येक कामगाराला एक खिशातली डायरी द्यावी आणि रोजच्या रोज तारीख, जागा, काम, ठरलेला रोज आणि मिळालेले पैसे लिहायला शिकवावे. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवावे. पहिल्याच दिवशी साइटच्या फलकाचा फोटो काढावा, कारण त्यावर विकासकाचे नाव असते, आणि ठेकेदार पळाला तरी मुख्य मालकाची जबाबदारी उरते. ठेकेदाराचा नंबर, गाडीचा क्रमांक आणि सोबत काम केलेल्या दोघांची नावे ही एवढी सामग्री असली की निम्म्या वेळा नुसत्या एकत्र भेटीनेच पैसे निघतात. नाही निघाले तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याने जुन्या कायद्यांची कलमे बदलली आहेत, त्यामुळे अर्ज लिहिण्यापूर्वी जाणकाराला दाखवावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

बांधकाम कामगारांची कल्याणकारी मंडळात नोंदणी जरूर करून घ्यावी. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र, ही मुख्य अट आहे. हे प्रमाणपत्र मिळवणे हेच खरे काम असते आणि त्याच ठिकाणी दलाल पैसे उकळतात. घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने वेगळे मंडळ आहे. ई-श्रम ही केंद्र सरकारची नोंदणी १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला करता येते. ही सर्व नोंदणी शिबिर लावून एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. वस्तीतल्या दोन-तीन मुलामुलींना ती शिकवावी, म्हणजे वर्षभर चालू राहते.

पैसे आणि नोंदणी

महिन्याला दहा-वीस रुपये का होईना, वर्गणी घ्यावी; पावती द्यावी आणि हिशेब दर महिन्याला बैठकीत वाचावा. बायकांचा बचत गट १० ते २० जणींचा करून बँकेत खाते उघडले की पैशाला शिस्त येते. संस्थेची नोंदणी करण्याची घाई करू नये. सात जणांची सोसायटी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवता येते, पण त्यानंतर दरवर्षीचे हिशेब, पदाधिकारी बदलले की द्यायचे बदल अर्ज आणि पदांवरून होणारी ओढाताण मागे लागते.

दबाव, पक्ष आणि पोलीस

काम दिसू लागले की माणसे येऊन भेटतात: पाणी विकणारा, मुकादम, पक्षाचा कार्यकर्ता, भाडे वसूल करणारा. कोणाशीही एकट्याने चर्चा करू नका. सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना निवेदन द्या आणि कोणाच्याही फलकावर वस्तीचे नाव जाऊ देऊ नका. निवडणुकीच्या तोंडावर मिळालेल्या आश्वासनाची तारीख वहीत लिहून ठेवा.

बंगाली बोलणाऱ्या आणि मुस्लिम कष्टकऱ्यांवर कागदपत्रांच्या तपासणीचे ओझे अधिक पडते. २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या काही मजुरांना मुंबईतून उचलून बांगलादेशच्या सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि नंतर ते भारतीय असल्याचे दिसल्यावर परत आणावे लागले. अशा कुटुंबांच्या मूळ कागदांच्या प्रती गावी विश्वासू नातेवाइकाजवळ आणि मोबाईलमध्ये ठेवलेल्या असाव्यात, वकिलाचा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा आणि कोणाला चौकशीला नेले तर मागोमाग जाणाऱ्या चार माणसांची नावे आधीच ठरलेली असावीत. कागदांच्या प्रती संघटनाच्या कपाटात मात्र साठवू नयेत.

पुढारी दुप्पट हवेत

स्थायिक वस्तीत एक चांगली ताई दहा वर्षे काम ओढते. स्थलांतरितांच्या वस्तीत तसे होत नाही. अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडे वाढवतो, काम पाहणाऱ्या ताईचे कुटुंब नालासोपाऱ्याला किंवा मुंब्र्याला जाते आणि तिच्याबरोबर सगळी माहितीही जाते. म्हणून प्रत्येक जबाबदारीवर पहिल्या दिवसापासून दोघे नेमा: एक जुना रहिवासी आणि एक भाडेकरू, किंवा एक मराठवाड्याची आणि एक बिहारची, म्हणजे दोघे एकाच वेळी गावी जाणार नाहीत. रेशनचे काम पाहणारी बाई गावी निघाली की तिने जाण्यापूर्वी वही, अर्जांच्या पोच आणि अधिकाऱ्यांचे क्रमांक बैठकीत सर्वांसमोर दुसरीच्या हाती द्यावेत. दर सहा महिन्यांनी बैठक चालवणारी व्यक्ती बदलावी. नवे कुटुंब राहायला आले की आठवडाभरात कोणीतरी त्याच्या घरी जाऊन रेशनचे दुकान, शाळा, दवाखाना आणि बैठकीचा दिवस सांगावा. हे काम पोरींच्या गटाला फार छान जमते.

जे कुटुंब दुसऱ्या वस्तीत गेले त्याचा क्रमांक खोडू नका. तिथे पाण्याचा किंवा शाळेचा प्रश्न निघाला की ते तुम्हाला फोन करील, आणि तेव्हा तुम्ही स्वतः धावत जाण्याऐवजी इथली अर्ज लिहिणारी एक ताई आणि वहीचा एक कोरा नमुना त्यांच्याकडे पाठवा.